अजून शिकले नाही

कावेरीत पाणी नसलं की आमच्या या तमिळ गावात, मेलकावेरीत, आवाज वाढतात. एरवी नदी बरंच काही आपल्यात ओढून घेते. चैत्र सरता सरता पात्रात नुसती वाळू उरते, आणि मग पलीकडच्या काठावरचं कुत्रं आपल्याच अंगणात भुंकल्यासारखं वाटतं. देवळातली घंटा, बाजाराकडे निघालेल्या टेम्पोचा हॉर्न, कुणाच्या तरी घरचा मिक्सर, सगळं वाळूवरून चालत घरात येतं. आज पहाटे त्यात खराट्याचा आवाज मिसळला. माझा धाकटा भाऊ रघू ओसरीवर उकिडवा बसून खराट्याच्या काड्या फरशीवर ठोकून सारख्या करत होता. मग त्याने तो मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळला, माझे गुडघ्यांचे पॅड खुंटीवरून काढून झटकले आणि खिडकीतून हाक मारली, "अक्का, ऊठ. खळे रिकामे जाले."

मी चादर डोक्यावरून ओढून घेतली. झोप केव्हाच उडाली होती. लाज वाटली, दुसरं काही नाही.

सांगते. मी पस्तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, चारचौघांत मान असलेली बाई. महामहम तलावाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात फिजिओथेरपी करते. आखडलेले खांदे, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे, प्लास्टर काढल्यावर पातळ झालेली मनगटं हा माझा रोजचा उद्योग. आणि मागचा सबंध उन्हाळा मी मोटारसायकलचं पुढचं चाक हवेत उचलायला शिकत होते. त्याला व्हीली म्हणतात. हा शब्द मी आजही दवाखान्यात मोठ्याने उच्चारत नाही.

सुरुवात रघूपासून झाली. अप्पा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आई, रघू आणि मी. रघू माझ्याहून बराच लहान. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं आहे. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी भाजीवालीने आईला सांगितलं की तुमचा मुलगा नदीकाठच्या रस्त्यावर एका चाकावर येतो, अगदी नमस्कार करत येतो. आईने भेंडी निवडून घेतली, पैसे दिले, घरात आली आणि देवापुढे बसली. रघूला ती काहीच बोलली नाही. रात्री मला म्हणाली, "तुझे ऐकतो तो. तू सांग."

त्याच आठवड्यात माझ्याकडे मानेला पट्टा लावलेला एक मुलगा येत होता. तोही असाच पडलेला. नशीब बलवत्तर म्हणून चालत येत होता. त्याला डावीकडे मान वळवायला सांगितली की त्याच्या आईची मान आधी वळायची. ती बाई समोरच्या स्टुलावर बसून स्वतःच हळूहळू डावीकडे बघायची, जणू तिने वळवली तर त्याचीही वळेल. मी घरी आले आणि रघूला झाडलं. हेल्मेटवरून बोलले, अप्पांवरून बोलले, आईच्या रक्तदाबावरून बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "अक्का, तुला काय माहीत ते कसे लागते?"

"मग शिकव मला," मी म्हणाले.

रागाने बोलून गेले होते. पण तोंडातून निघालेला शब्द परत घेण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही, म्हणून त्याला शेपूट जोडलं. मला रीतसर शिकवायचं, सगळी काळजी घेऊन, अगदी पहिल्या धड्यापासून. आणि मी शिकेपर्यंत तू रस्त्यावर चाक उचलायचं नाहीस. रघू पोट धरून हसला. त्याला वाटलं, आठ दिवसांचं काम आहे. "सरि," म्हणजे ठीक, म्हणाला, आणि आईसमोर माझ्या हातावर हात ठेवला.

पहिल्याच पायरीला असं निघालं की गुरूलाच येत नव्हतं. म्हणजे चाक उचलता येत होतं, पण ते का उठतं आणि खाली कसं आणायचं हे त्याला सांगता येईना. त्याचं सगळं अंदाजपंचे. मला शिकवायचं म्हणून त्याने प्रथमच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले, चेन्नईच्या कुणा सराव केलेल्या माणसाला फोन करून विचारलं आणि कसलं तरी गुपित कळल्यासारखा येऊन मला म्हणाला, "चाक उचलणे पहिला धडा नव्हे अक्का. पहिला धडा मागचा ब्रेक." पुढचं चाक फार वर गेलं की गाडी पाठीवर उलटते. तेव्हा उजव्या पायाने मागचा ब्रेक नुसता दाबला की पुढचं चाक खाली येतं. पाय त्या ब्रेकवरून हलायचा नाही. जोवर पाय स्वतःहून दाबत नाही तोवर चाक उचलायचं नाही. हे सांगताना त्याचा चेहरा जरा उतरला होता. इतके दिवस त्याचा पाय कुठे असायचा ते मी विचारलं नाही.

सरावाची जागा जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिल या गावी मिळाली. तिथे बंद पडलेली एक भातगिरणी आहे. मालकांचा खांदा मी बरा केलेला, त्यामुळे ते नाही म्हणू शकले नाहीत. मात्र माझ्याकडे असे बघत राहिले की मला तिथेच पुरून घ्यावंसं वाटलं. गिरणीमागे भात वाळवायचं सिमेंटचं प्रशस्त खळं आहे. मधे जरासं फुगीर, कडांकडे उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी थांबू नये. सुगीत तिथे पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे सोनेरी भात आणि बायका पायांनी ते उलथत असतात. सुगी उरकली की उन्हाळाभर ओसाड. पण फटींतून दाणे राहतात, आणि दाण्यावरून टायर घसरतो. म्हणून आधी झाडायचं. रघू एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून. ते झाडणं मला फार आवडायचं, कारण तेवढा वेळ मला काही येत नाही हे कुणाला दिसत नसे.

आईने गाडी आधी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकापुढे न्यायला लावली. चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायची आमच्याकडे रीत आहे. आईने रघूच्या हातात तीन लिंबं दिली आणि म्हणाली, "मागल्या चाकाखाली एक. पुढल्याखाली दोन. उड्या मारणारे तेच की नाही?"

मग तो पोशाख. जाड जीन्स, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, कोपरांना आणि गुडघ्यांना पॅड, डोकं पूर्ण झाकणारं हेल्मेट. मनगटाला एक दोरी. तिचं दुसरं टोक इंजिनच्या खटक्याला, म्हणजे मी पडले की इंजिन बंद. साडीतून किंवा चुडीदारातून बाहेर न पडलेली मी, त्या अवतारात घराच्या पायऱ्या उतरायची तेव्हा समोरच्या मामी रांगोळीची चिमूट बोटांत धरून तशाच थांबायच्या. एकदा त्यांनी तमिळमधून आईला विचारलं, पोरीला कुठे अपघात झाला का? आईने शांतपणे सांगितलं, "अजून नाही."

पहिले कितीतरी दिवस मी नुसती खळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जात होते. पहिला गिअर, माणूस पळेल इतका वेग, आणि मधेच ब्रेक. पुन्हा. आणि पुन्हा. कडेच्या भिंतीवर रघूचे दोस्त येऊन बसू लागले. त्यांचा म्होरक्या सेल्वम, आवाज दणदणीत. नदीकाठच्या रस्त्यावर रघू येईना म्हणून ते बघायला आलेले, आणि इथे त्यांना मी सापडले. "अक्का, तेवढ्यात भात शिजेल," सेल्वम ओरडायचा. हेल्मेटच्या आत माझं तोंड तापायचं. दवाखान्यात याच मुलांचे वडील माझ्यासमोर हात जोडून बसतात.

चाक उचलायची पाळी आली तेव्हा खरी फजिती झाली. रघू बाजूने पळत यायचा आणि चाक जरा वर आलं की ओरडायचा, "ब्रेक पोडु!" म्हणजे ब्रेक दाब. आणि माझा पाय दगड व्हायचा. कळत होतं, ऐकू येत होतं, पण पायापर्यंत पोचेपर्यंत उशीर व्हायचा. दोनदा गाडी तिरपी होऊन मी कुल्ल्यांवर आपटले. पॅड होते, हाडं शाबूत राहिली, पण भिंतीवरचा तो हशा गुडघ्याच्या पॅडने अडत नाही. हसू ओसरलं की उरलेली शांतता त्याहून वाईट.

आता हे आमच्या लोकांनाच कळेल. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. आमची मराठी उंबऱ्याच्या आत राहते. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ते कुणी शिकवावं लागत नाही, चप्पल घालताना जीभही बदलते. रघू घरात माझ्याशी जे बोलतो ते खळ्यावर मित्रांसमोर कधी बोललाच नसता. तिकडे पुण्याला एका लग्नात आमचं बोलणं ऐकून लोक कौतुकाने हसले होते, अहो किती जुनं बोलता तुम्ही, म्हणाले. इकडचे हसतात ते वेगळं. दोन्हीकडून हसू झालं की माणूस भाषा घडी घालून आत ठेवतो. हे लिहितेय ती मराठीसुद्धा मी पुस्तकांतून उचललेली आहे. घरी मी अशी बोलत नाही.

तिसऱ्यांदा चाक भलतंच वर गेलं. समोरची नारळाची झाडं गाडीच्या दिव्यामागे बुडाली, नुसतं आभाळ राहिलं, आणि मला बाजूला रघूचा फाटलेला आवाज ऐकू आला. "पुरे! अक्का, पुरे!"

पाय दबला. मी दाबला नाही, तो आपोआप दबला. चाक धाडकन खाली आलं, मी सीटवर आदळले, पण गाडी उभी आणि मी गाडीवर.

पुरे हा आमच्या घरात रोज दोन वेळा ऐकू येणारा शब्द. आई वाढते. तिच्या हातातली तुपाची वाटी थांबवायची तर तेवढा एकच शब्द चालतो. बाहेर, लग्नाच्या पंगतीत, तमिळमधून कितीही "पोदुम" म्हणा, वाढपी त्याला आग्रह समजून आणखी एक डाव टाकतो. पण घरात पुरे म्हटलं की हात जिथल्या तिथे थांबतो. लहानपणापासून माझं अंग ते जाणतं. घाबरल्यावर रघूची जीभ उंबऱ्याच्या आत पळाली, आणि माझा पाय तिच्यामागे.

रघूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. सेल्वमने तमिळमध्ये विचारलं, काय म्हणालास ते? रघू खाली बघून पायाने दाणे ढकलत राहिला. माझीच मान खाली गेली. जन्मभर घरात झाकून ठेवलेलं काहीतरी आम्ही उघड्या खळ्यावर सांडलं होतं. मग सेल्वमच म्हणाला, "ते चालतंय रे. तेच ओरड." दुसऱ्या दिवशी माझं चाक टीचभर उठलं तेव्हा भिंतीवरून पाच-सहा जणांचा कोरस आला, "पुरे! पुरे!" र जरा जड, पण शब्द आमच्या घरचाच. त्या दिवशी मी हेल्मेटच्या आत रडले. लाजेनेच, पण नेहमीच्या नव्हे.

हळूहळू ती मुलं भिंतीवरून खाली उतरली. आधी झाडायला, मग रांगेत उभी राहायला. कुणी हेल्मेट आणलं, कुणी भावाचं मागून आणलं. रघू एकेकाचा पाय ब्रेकवर ठेवून बघायचा, माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त ओरडायचा. नदीकाठचा रस्ता ओस पडला. भाजीवालीने आईला सांगितलं, आताशा काही दिसत नाही.

तरी मला भरवसा नव्हता. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी वाळूवरून येणारा प्रत्येक आवाज निवडत उभी राहायची. एकदा पलीकडून एक गाडी आली, आवाज चढला, चढत चढत बारीक झाला. चाक उचललं की आवाज असाच होतो, हे आता मला कळत होतं. जिना उतरून खाली धावले, रघूला फोन लावला, आणि फोन माजघरात वाजला. रघू तिथे पाटावर बसून आईला शेंगा सोलून देत होता. "काय अक्का?" म्हणाला. मी म्हणाले, काही नाही, फोन चालतो का पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलू लागला. त्या नजरेची लाज अजून अंगावर आहे.

आणि मग ती सकाळ. वैशाख मध्यावर आला होता, धरणातून पाणी सोडायला अजून अवकाश होता. रघू पाठ करून सेल्वमच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होता. मी एकटीच खळ्याच्या मधून जात होते. जरा मागे सरकले, क्लच सोडला, मूठ पिळली, आणि चाक उठलं. आपटत, धसकत नव्हे. पहाटे झोपेतून उठावं तसं सावकाश. नारळ बुडाले, आभाळ आलं, आणि मी तिथे थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही. पोटात काहीतरी हलकं झालं, अगदी लहानपणी झोपाळ्याच्या टोकाला होतं तसं. कुणी काही ओरडलं नाही. माझ्या पायाने आपल्या मनाने ब्रेक दाबला आणि चाक मांजराच्या पावलासारखं खाली टेकलं.

मी वळून आले. रघूने विचारलं, "जमले?"

मी शिकले म्हणजे करार संपला. करार संपला म्हणजे रस्ता मोकळा. मानेवरचा तो पट्टा आणि स्टुलावर बसून आपली मान वळवणारी ती आई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, फक्त तिच्या जागी माझी आई.

"नाही रे," मी म्हणाले.

तेव्हापासून मी न येण्याचा सराव करतेय. ते फार अवघड आहे. चाक हातभर उचलायचं आणि घाबरल्यासारखं टाकायचं. मधेच एखादी सणसणीत आपटी खायची. मुलं एकेक करून पुढे गेली, सेल्वमला जमलं, त्याच्याहून लहान पोरांना जमलं, आणि मी खळ्यावरची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी. "अक्का, तुला पेन्शन लागेपर्यंत होईल," पोरं म्हणायची आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायची. रघू कधी हसला नाही. माझ्यापुढे बसून, गाडी उभी करून, तो मला पुन्हा पहिल्यापासून सांगायचा, आणि त्या भल्या तोंडाकडे बघत मी खोटं बोलत राहायची. लाज त्याचीही. पण सगळ्यात मोठी लाज ही की भावासाठी म्हणून गेलेली मी, मनातल्या मनात ती एक सकाळ रोज उचलून बघत होते. मला कुणालातरी सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं.

घरी आलो की आई ताटावर बसवून विचारायची, "जाले काय शिकून?"

"कोठे, आई."

"बरे," म्हणायची, आणि माझ्या भातावर तूप जरा जास्तच पडायचं. बाकी कुठल्या घरात नापास मुलीला इतकं तूप मिळत असेल?

मग नदीला पाणी आलं. वाळूवरून फेस ढकलत आलं, मुलं त्याच्यापुढे पळाली, आवाज परत नदीत बुडाले. लावण्या झाल्या, पाऊस झाला, पिकं आली, खळ्यावर भात पसरलं. वर्षभर करार तसाच राहिला, कारण मी शिकले नव्हते. रघूने वर्षभर रस्त्यावर एकदाही चाक उचललं नाही. मी गच्चीवर उभी राहणं कधीतरी आपोआप बंद झालं.

आज सकाळी, शेवटी, मी चादर टाकून उठले. आम्ही खळ्यावर गेलो, झाडलं. सेल्वम आणि बाकीचे आधीच येऊन बसले होते. मी पॅड बांधले, दोरी मनगटाला अडकवली, निघाले. मूठ पिळली. वर्षभर न वापरलेलं अंग. मनात होतं हातभर उचलून टाकावं, पण चाक उठलं ते उठतच गेलं. नारळ बुडाले. आभाळ आलं. आता रघू ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. तो ओरडला नाही. भिंतही ओरडली नाही. आणि माझ्या पायाने, मेल्याने, नेमक्या वेळी, नेमका तेवढाच ब्रेक दाबला. चाक मांजराच्या पावलाने खाली आलं.

कसं लपवणार? न शिकलेल्याचा पाय हाकेशिवाय दबत नाही. हे रघूनेच मला शिकवलं होतं.

तो चालत आला. हाताची घडी घातलेली. सगळ्यांना त्यानेच गप्प राहायला सांगितलं होतं हे मला कळलं. मी काच वर केली नाही, माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून. तो गाडीच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर, उघड्यावर, घरच्या मराठीत त्याने विचारलं, "शिकलीस काय, अक्का?"

एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नाही. खोटं उघडं पडल्याची. त्याच्यावर भरवसा न ठेवल्याची. आणि अंगात अजून भरून राहिलेल्या त्या आनंदाची. मी नुसती मान हलवली. नाही.

त्याने पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग वाकून त्याने माझ्या मनगटाची दोरी एकदा ओढून तपासली.

"मलाही तसेच वाटते," तो म्हणाला. "चल, परत."

घरी आलो तेव्हा ऊन चढलं होतं. हातपाय धुऊन आम्ही दोघं पाटावर बसलो. आईने भात वाढला, तुपाची वाटी उचलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "जाले काय शिकून?"

मी तोंड उघडण्याआधी रघू बोलला. "कोठे, आई! बहुत वर्षे लागतील हिला."

"बरे," आई म्हणाली, आणि आधी माझ्या भातावर, मग त्याच्या भातावर तूप सोडू लागली. आम्हा दोघांपैकी कुणीही पुरे म्हटलं नाही.